दोघांचं बाहेर

४ एप्रिल, शुक्रवार

शून्य! उत्तर शून्य येतंय!

सकाळी दहापासून तेच चाललंय. भाषणासाठी एक साधा आलेख हवा होता — आमच्या कागदावरच्या भुयाराच्या दोन्ही बाजूंची वस्तुमानं सारखी धरली तर मधल्या भिंतीत किती ऊर्जा लागते, एवढाच. संशोधनाच्या पेपरात हा आकडा आम्ही कधी काढलाच नाही. सारखी वस्तुमानं म्हणजे सगळ्यात सोपी, कंटाळवाणी गोष्ट, त्यात काय बघायचं? पण बावीस तारखेला समिती समोर बसणार, त्यातले अर्धे रसायनवाले. त्यांना सोपंच दाखवायला हवं. म्हणून आकडे घातले. शून्य.

शून्य म्हणजे भिंतच नाही. भिंत नाही तर भुयार कसलं?

टाइप करताना काहीतरी चुकलं असणार. चहा घेऊन आले, पुन्हा केलं. शून्य. कागदावर हाताने केलं. शून्य. शेवटी संगणक बंद करून चालू केला — मी, या विषयात डॉक्टरेट घेतलेली बाई! शून्य.

घरी येताना बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेले. चालत मागे आले.

५ एप्रिल, शनिवार

सुट्टी. तरी केलं. भाजीच्या हिशोबाच्या पाठकोऱ्या कागदावर. शून्यच.

६ एप्रिल, रविवार

रविवार म्हणजे फोनचा दिवस. अकराच्या ठोक्याला तो फोन करतो. पाच वर्षांत एक रविवार चुकला नाही, याबद्दल नवऱ्याला पैकीच्या पैकी मार्क. आधी टिमकी बोलते — लेक आठ वर्षांची आहे आणि नावाप्रमाणे वाजत असते — मग सासूबाई, आणि उरल्यासुरल्या वेळात मी.

आज सासूबाईंनी त्याला कपाट दाखवलं. फोन असा धरला होता की त्याला बहुतेक वेळ त्यांचा कानच दिसला असेल. "हे बघ, दोन खण रिकामे केलेत तुझ्यासाठी. माझं सामान वर चढवलंय. आता उंच माणूस घरात येतोय, काढून देईल मला." तो हसला. म्हणाला, "एवढी घाई कशाला आई, जून लांब आहे अजून." टिमकीचा एकच प्रश्न — "बाबा, तू कुठल्या बाजूला झोपणार? कारण भिंतीकडची बाजू माझी आहे, आधीच सांगते."

मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? शून्य आलंय म्हणून?

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. आम्ही दोघं एकाच विषयात संशोधन करतो. नोकऱ्या मिळाल्या त्या दोन हजार किलोमीटर अंतरावर. तो तिकडे, मी इकडे, दोघंही करारावर. टिमकी आणि त्याची आई माझ्याकडे. नवरा-बायको दोघांना एका गावात ठेवून घेईल अशी संस्था शोधून शोधून हात टेकले. मग आमच्या भुयाराचा पेपर स्वीकारला गेला आणि इथल्या संचालकांनी स्वतः बोलावून सांगितलं — दोन जागा, एकाच मजल्यावर, दोघांना मिळून. बावीस तारखेला समितीसमोर भाषण झालं की पत्र हातात. मार्चच्या सात तारखेला त्याने तिकडे राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस. सात जूनला सुटणार, दहाला घरी.

आणि हे सगळं एका पेपरावर उभं आहे. त्या पेपरातून शून्य निघतंय!

७ एप्रिल, सोमवार

सापडलं.

सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

भुयार — म्हणजे कृमिविवर, पण तो शब्द आम्ही घरात वापरत नाही, टिमकीला किळस येते — तर भुयार कागदावर असं बांधतात. दोन वेगवेगळी अवकाशं घ्यायची. प्रत्येकातून एक गोळा कापून फेकून द्यायचा. मग दोन्ही भोकांच्या कडा एकमेकींना शिवायच्या. या भोकात शिरलेला त्या अवकाशात निघतो. ती शिवण म्हणजे भुयाराचा घसा, आणि शिवणीवर जो पदार्थ बसवावा लागतो ती आमची भिंत. अडचण एकच — घसा उघडा राहायला ऋण ऊर्जेचा पदार्थ लागतो. शून्याहून कमी ऊर्जेचा! तो काही कुठल्या दुकानात मिळत नाही. आमचं म्हणणं असं, की आमची भिंत साध्या, चांगल्या, धन ऊर्जेच्या पदार्थाची आहे. म्हणून तर एवढं कौतुक झालं.

आता शिवणीवर किती ऊर्जा आहे हे काढायला एक बाण लागतो, शिवणीला काटकोनात. बाण एकच असतो. एका बाजूकडून येतो, शिवण ओलांडतो, दुसऱ्या बाजूला जातो. म्हणजे माझ्या बाजूला तो शिवणीकडे येताना दिसला पाहिजे आणि त्याच्या बाजूला शिवणीपासून दूर जाताना.

आज दोघांच्या मूळ वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या पानांच्या छायाप्रती माझ्याकडे आहेत. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात: 'बाण बाहेरच्या दिशेने.' त्याच्या वहीत, त्याच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात: 'बाण बाहेरच्या दिशेने.'

माझं बाहेर म्हणजे भोकापासून दूर, माझ्या अवकाशात. त्याचं बाहेर म्हणजे भोकापासून दूर, त्याच्या अवकाशात. एक बाण नाहीच तो! दोन बाण आहेत, एकमेकांकडे पाठ करून उभे! आणि मी दोन्ही अर्धे जोडताना, 'बाहेर' आणि 'बाहेर', शब्द जुळतात म्हणून पुढे गेले. जिथे बेरीज व्हायची तिथे वजाबाकी झाली.

हे भुयाराचं सूत्रच नाही. हे पोकळ चेंडूचं सूत्र आहे. चेंडूला आत असतं, बाहेर असतं, त्याच्यातून कुठे जाता येत नाही. साडेतीन वर्षं आम्ही दोघांनी मिळून चेंडू बांधला. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ही चूक मी स्वतः फळ्यावर दाखवते आणि वर हसते.

८ एप्रिल, मंगळवार

बाण सरळ करून पुन्हा काढलं. मायनस. म्हणजे ऋण ऊर्जाच, चाळीसएक वर्षं सगळ्यांना माहीत असलेलं मायनस.

९ एप्रिल, बुधवार

चूक माझी की त्याची, हेच डोक्यात फिरतंय. निष्पन्न काहीच नाही.

पहिल्या वर्षी आम्ही फोनवर चिन्हांवरून भांडायचो. खरंच सांगते! वस्तुमानाला मोठं अक्षर की छोटं, यावरून एकदा आठ दिवस अबोला होता. रविवारचा फोन यायचा, तो टिमकीशी बोलायचा, आईशी बोलायचा, आणि माझी पाळी आली की "बरं, ठेवतो." तेव्हा तह केला. डावी बाजू माझी, उजवी त्याची. एकमेकांच्या पानाला पेन लावायचं नाही, चूक काढायची नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. तेव्हापासून मी त्याला उजवा म्हणते. उजव्याचा फोन, उजव्याचा मेसेज. त्या तहाचं मला फार कौतुक होतं. मैत्रिणींना सांगायचे — आमचं बघा, कसं छान जमलंय.

एकाच टेबलाशी बसून केलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. "अरे, तुझा बाण कुठे चाललाय?" एवढं एक वाक्य. पण टेबल एक असतं तर हा पेपर लिहिलाच कशाला असता आम्ही?



१० एप्रिल, गुरुवार

संचालकांनी मुद्दाम खाली बोलावलं आणि वर घेऊन गेले. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. दोन खोल्या, मध्ये एक दार! म्हणाले, "हे दार गेली कित्येक वर्षं बंद होतं, तुमच्यासाठी उघडून घेतलंय. आमच्याकडचं छोटं भुयार!" स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "खिडकी फक्त एकाच खोलीत आहे. भांडू नका हं."

सुतार बिजागऱ्यांना तेल घालत होता. दार दोन-तीनदा उघडून-मिटून दाखवलं त्याने. म्हणाला, "आता कुरकुरणार नाही बाई." मी त्याला म्हटलं, छान झालंय. संचालकांना म्हटलं, आभारी आहे. तोंडातून हे शब्द कसे आले कुणास ठाऊक.

तिथे बोलायला हवं होतं. जिना उतरताना दोन पायऱ्यांवर थांबले. सर पुढे निघून गेले.

१२ एप्रिल, शनिवार

काय होईल न सांगितलं तर? सरळ विचार करू या.

पेपर छापून येईल. तो येईल. त्याचे कपडे कपाटात लागतील, टिमकी भिंतीकडची बाजू सोडणार नाही, सासूबाई दोन आठवडे लाड करतील आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्यावर ओरडायला लागतील. मग वर्षभराने एक दुरुस्ती छापायची. दोन ओळींची. 'लेखकांच्या लक्षात आले आहे की...' चुका कोणाच्या होत नाहीत? तोवर दोघं कायम झालेले असू. कोण काढणार आहे?

असं मी भाजी निवडता निवडता अर्धा तास ठरवत होते. आणि मग लक्षात आलं की त्या दोन जागांसाठी आणखी माणसांनी अर्ज केलेत. त्यातली एक मुलगी माझ्याच ओळखीची आहे, तीही नवऱ्यापासून लांब राहते. तिचं काम बरोबर आहे. माझं चूक आहे. ती बाहेर आणि मी आत!

बाहेर हा शब्दच आता नको झालाय.

आणखी एक लिहायचं राहिलं. अशी भिंत होऊच शकत नाही, असं प्रमेय आहे. सिद्ध केलेलं. आम्हाला माहीत होतं! पेपर तपासणाऱ्या परीक्षकाने विचारलंही — तुमचं उत्तर प्रमेयाशी कसं जुळतं? आम्ही काय ऐटीत लिहिलं, की प्रमेय स्थिर भुयारांचं आहे, आमची भिंत आत-बाहेर हलते, सबब लागू नाही. परीक्षकाने पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा तेच लिहिलं, जरा लांबवून. तिसऱ्यांदा तो बिचारा कंटाळला. दोघांपैकी एकानेही असं म्हटलं नाही, की थांब, कदाचित आपलंच चुकत असेल. आम्हाला ते खरं व्हायला हवं होतं म्हणून आम्ही खरं धरलं.

१३ एप्रिल, रविवार

आज सांगायचं ठरवून बसले होते. टिमकीला शेजारी पाठवलं. सासूबाईंना म्हटलं, आधी मी बोलते.

मी: "तुझ्या वहीत पान अठरावर बाहेर लिहिलंयस ना, त्याचा अर्थ काय धरला होतास?"

तो: "अगं, आता कशाला ते? स्वीकारला गेलाय ना पेपर."

मी: "भाषणात कोणी विचारलं तर?"

तो: "रसायनवाले विचारणार? तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. जेवलीस का?"

जेवलीस का, म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. मागे कोणीतरी दार वाजवलं, तो म्हणाला, "आलोच" — मला नव्हे, त्या दाराला. आणि माझं धैर्य गळून गेलं. त्या माणसाने राजीनामा दिलाय. माझ्या सांगण्यावरून दिलाय. आधी तो तयार नव्हता, "पत्र हातात पडू दे मग बघू," म्हणत होता. मीच हट्ट धरला, की तुला नोटीस तीन महिन्यांची, मुलीची शाळा जूनमध्ये, आत्ता दे. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'दिला.' एकच शब्द. मी त्या शब्दावर नाचले होते!

आता काय करू? कोणाला विचारू? ज्याला विचारायचं त्यालाच सांगता येत नाहीये.

१५ एप्रिल, मंगळवार

सासूबाईंना कळलं. कळलं म्हणजे मीच बोलून गेले. त्या टिमकीच्या फ्रॉकची शिवण उसवत होत्या आणि म्हणाल्या, "तुझं काहीतरी बिनसलंय. आठ दिवस बघतेय, मीठ दोनदा घालतेस नाहीतर घालतच नाहीस." मग मला राहवलं नाही.

त्यांना बाणाचं सांगितलं. दोघांनी बाहेर लिहिलं, असं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली. "बाहेर म्हणजे? तू आतून बघतेस तेव्हाचं बाहेर की दारात उभी राहून?" मी म्हटलं, तेच तर ठरवायचं राहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, साधा फ्रॉक शिवतानासुद्धा आम्ही विचारतो, सुलट कुठली धरलीस. आणि तुम्ही दोघं एवढे शिकलेले!"

हसू आलं मला. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तो येणार नाही?" मी उसवलेला दोरा गोळा करायला लागले. त्या पुन्हा फ्रॉकला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इतकी वर्षं दोघं मिळून भुयार खणत बसलात. एवढ्या वेळात कोणी तरी एकाने नोकरी सोडून गाडीत बसायचं होतं." रागाने नाही म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

टिमकीला सांगू नका म्हटलं. म्हणाल्या, "मी कशाला सांगू? तुझं तू सांग. आणि त्याला आधी सांग, तो काही काचेचा नाही."

१६ एप्रिल, बुधवार

दोनदा फोन हातात घेतला. नाही जमलं.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं.

दुपारी, ऑफिसच्या जिन्यात बसून. रविवार नसताना फोन केला म्हणून तो आधीच घाबरला. "टिमकी बरी आहे ना? आई?" म्हटलं, सगळे बरे आहेत, भुयार गेलं. एका दमात सगळं बोलले. सारखी वस्तुमानं, शून्य, पान अठरा, दोन बाण, चेंडू, मायनस.  मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तेरा दिवस."

"तेरा दिवस एकटी घेऊन बसलीस हे?"

तेव्हा मी रडले. जिन्यात! शिपाई वर चालला होता, तो मागे फिरला बिचारा. मी म्हणत होते, जोडताना मीच चुकले, माझीच चूक. तो म्हणाला, "नाही. दोघांची. मी पण कुठे पाहिलं तुझं पान?" त्याने आजवर कुठल्याही चुकीत स्वतःचा वाटा इतक्या पटकन उचललेला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. गॅस चालू राहिला तरी गॅसची चूक असते.

मी म्हटलं, तुझी नोकरी गेली रे माझ्यापायी. तो म्हणाला, "ते जाऊ दे. बरं झालं, आत्ताच कळलं. छापून आल्यावर कळलं असतं तर? पेपर मागे घे. दोघांच्या नावाने लिही, मी हो म्हणेन. सरांना आजच सांग." मी विचारलं, आणि तिकडचं? राजीनामा? "इथलं मी बघतो. तू त्याचा विचार करू नकोस."

ओरडला नाही. एक शब्द लागेल असा बोलला नाही. त्याचा आवाज पार हलका झाला होता. मला धीर यावा म्हणून तसा काढत असणार. मी या माणसाबद्दल मनात काय काय बोलले गेल्या आठवड्यात! मुंग्यांसारखं अक्षर म्हटलं, दमलेला म्हटलं. लाज वाटते.

१८ एप्रिल, शुक्रवार

संपादकांना पत्र गेलं. 'लेखकांच्या लक्षात आले आहे की...' दोन ओळी नाही पुरल्या, नऊ झाल्या.

मग संचालक. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी बसायला लावलं, पाणी मागवलं. फळ्यावर बाण काढून दाखवला तेव्हा लगेच समजले. "अरेरे," एवढंच म्हणाले, दोनदा. मग म्हणाले, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. असं कोणी म्हणायला लागलं की समजावं, पुढे 'पण' येतोय. पण दोन जागा एका कामासाठी मंजूर झाल्या होत्या, ते काम आता नाही. पण समितीला उत्तर द्यायचंय. पण पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा, दोघंही. माझा करार आणखी वर्षभर चालू ठेवायला ते प्रयत्न करतील. चांगले आहेत. त्यांच्यावर चिडताही येत नाही.

मधल्या दाराचं नाव कोणी काढलं नाही.

२० एप्रिल, रविवार

अकराला फोन आला. टिमकीला त्यानेच सांगितलं. मी म्हटलं होतं मी सांगते, तर म्हणाला, नको, मी. किती गोड बोलला! "अगं, आमचं गणित चुकलं, म्हणून बाबाला अजून थोडे दिवस इकडेच राहावं लागेल." टिमकी म्हणाली, "मग खोडरबरने खोड ना." तो म्हणाला, "खोडलंच की, म्हणून तर." मग तिने सरळ विचारलं, "पण तुझी तिकडची नोकरी तर संपली ना? मग तिकडे राहून काय करणार? इकडे ये ना, नुसताच."

आम्ही दोघी मोठ्या बायका एकमेकींकडे बघायला लागलो. नुसताच ये! खरंच की! नोकरी नसलेला माणूस इथेही राहू शकतो. माझा पगार आहे, घर आहे. तो म्हणाला, "तसं नसतं पिलू, कामं असतात." सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, पोरगी बरोबर बोलतेय. तो म्हणाला, "बघू आई."

बघू! तो मानी आहे. बायकोच्या घरात रिकामा बसायचा नाही, आणि तिकडे साहेबापुढे जाऊन राजीनामा परत द्या असंही म्हणायचा नाही. दोन्हीकडून अडकवलाय मी त्याला. माझ्याने काहीच होत नाही, ना इकडचं ना तिकडचं.

२२ एप्रिल, मंगळवार

आज भाषण असतं. साडेदहा वाजता. त्या खोलीत आज कोणा दुसऱ्याची बैठक होती, बाहेर उन्हाच्या छत्र्या ठेवलेल्या होत्या, आठ-दहा. मी तिथून उगाच दोनदा गेले.

विचार करते आहे. राजीनामा मागे घेता येतो. नोटीस संपायच्या आत अर्ज केला तर घेता येतो, इथल्या ग्रंथालयातल्या बाईंनी घेतला होता. सात जूनला अजून सहा आठवडे आहेत. तो करणार नाही. मी करू का? त्याला न सांगता? रागावेल. रागावू दे. तिकडच्या ऑफिसातल्या बाई मला ओळखतात, दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा त्यांनी टिमकीला टेबलावर बसवून शिक्के मारू दिले होते. त्यांना नुसतं विचारायचं — अर्ज कोणाकडे द्यावा लागतो, काय लिहावं लागतं. मग मसुदा करून त्याच्यापुढे ठेवायचा, सही कर म्हणायचं. एवढं तरी माझ्या हातात आहे. पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हातात आहे!

काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. चुकायला नको.

२४ एप्रिल, गुरुवार

केला फोन. बाईंनी आवाज लगेच ओळखला, टिमकी केवढी झाली विचारलं. मी कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं. त्या म्हणाल्या, "राजीनामा? कोणाचा? अहो, असा काही अर्जच आलेला नाही आमच्याकडे. सर तर फेब्रुवारीतच कायम झाले! आम्ही सगळ्यांनी मिळून केक कापला. तुम्हाला बोलले नाहीत का ते?"

मी म्हटलं, बोलले होते हो, मीच विसरले.